हातगुण

सोमनाथने पिकपमधून पेटी उतरवली तेव्हा द्रौपदाला वाटलं, अखेर कपाट आलं. कपाटासाठी ती वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागली होती. पेटी तिच्या छातीएवढी उंच, प्लायवूडची, पुढे काचेचं दार. तिने पदर खोचला, एक बाजू धरली आणि दोघांनी मिळून ती आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मग तिने काचेतून डोकावून पाहिलं. लुगडी ठेवायला खण नव्हते. जाळीचे ट्रे होते आणि त्यांच्या वर ओळीने बल्ब.

"हे काय आनलंत?"

"कोंबडी," सोमनाथ म्हणाला. "बिनपिसाची."

स्वतःच्याच बोलण्याचं त्याला हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. लोणीकडच्या एका पोल्ट्रीत त्याने उमेदीची वर्षं काढली होती. खाद्य टाकायचं, शेड झाडायची, मेलेल्या कोंबड्या उचलून खड्ड्यात पुरायच्या. तिथली धूळ छातीत बसली ती बसलीच. डॉक्टरने पोल्ट्री सोडायला सांगितलं. निघताना मालकाने अडगळीत पडलेलं हे अंडी उबवायचं जुनं मशीन त्याला देऊन टाकलं. माणूस घेतला तसा परत करता येत नाही, म्हणून दिलं असेल.

"आता तुला उन्हातान्हात राबायला नको," सोमनाथ म्हणाला. "घरात बसून काम. सावलीत."

द्रौपदाला सावलीची एवढी हौस नव्हती. पण नवऱ्याने एवढ्या हौसेने आणलेल्या वस्तूपुढे ते बोलायचं कसं? ती गप्प राहिली, आणि पुढे तिला या गप्प राहण्याचा फार राग आला.

महाळुंगे पडवळच्या बौद्धवस्तीत तिचं घर अगदी कडेला, रस्त्याला लागून होतं. तिथे सकाळी पिकपचा हॉर्न वाजायचा आणि गावातल्या बाया भाकरीची फडकी घेऊन गोळा व्हायच्या. कांद्याची लागण करणारी ही टोळी द्रौपदाची. कुणाच्या शेतावर जायचं, किती वाफे उरकायचे, जेवायला कधी बसायचं, हे शेतकऱ्याशी ती बोलायची. एकदा एका बागायतदाराने जेवत्या बायांना "उरका की आता" म्हटलं, तर द्रौपदा उठली, हात धुतले आणि अख्खी टोळी घेऊन रस्त्याला लागली. तोच बागायतदार मागून मोटारसायकल घेऊन मिनतवाऱ्या करत आला होता.

आणि बांधावर बसलं की सगळ्या डब्यांचं एकच जेवण व्हायचं. मराठ्याची साळूबाई द्रौपदाच्या कालवणात भाकरी बुडवून खायची, वर "मीठ कमी हाय गं" असं नाक मुरडायची. तीच साळूबाई गावात आली की द्रौपदाच्या उंबऱ्याशी थबकायची. बांधावर तिला काही जड जात नसे. द्रौपदाला शेत प्यारं होतं ते त्या बांधासाठी.

पेटी चालवायची रीत सोमनाथने तिला शिकवली. अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलने फुली करायची, दुसऱ्या अंगाला गोल. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, दिवेलागणीला पुन्हा फुली. खुडूक बसलेली कोंबडी चोचीने अंडी फिरवत असते, तेच काम हाताने करायचं. नाहीतर आतला जीव एका अंगाला चिकटून मरतो. तळाच्या परातीत सतत पाणी हवं. वारं लागता कामा नये, म्हणून खिडकीला पोतं आणि दार कायम लावलेलं.

"पयलं अंडं तू ठेव," तो म्हणाला. "माझं हात थरथरत्यात."

तिने ठेवलं. तीन आठवडे तिनेच ती अंडी फिरवली, आणि एका सकाळी पेटीतून बारीक टकटक ऐकू आली. द्रौपदाची सासू बयाबाई काचेसमोर मांडी घालून बसली ती उठेचना. ओली, लटपटणारी पिल्लं कवचातून बाहेर पडत होती आणि म्हातारी प्रत्येकाला "आली गं माझी बाय" म्हणत होती.

"आयबिगर जल्मली ही," ती म्हणाली. "ह्यास्नी पंखाखाली घ्यायला कोन?"

"बल्ब," द्रौपदा म्हणाली, आणि दोघी सासवासुना हसल्या.

अंडी जवळजवळ सगळी फुटली. सोमनाथच्या पोटात काही राहीना. तो चहाच्या टपरीवर जाऊन बसला आणि येईल त्याला सांगू लागला, "मशीन काय राव, कुनाकडं बी असतंय. आमच्या हिच्या हाताला गुण हाय."

तिथून सगळं बिघडलं.

गावात जुनी समजूत होती की कोंबडीखाली अंडी ठेवायची ती चांगल्या हातगुणाच्या सवाशिणीने. जिच्या हातची अंडी वाया जात नाहीत तिला बायका मुद्दाम बोलावून न्यायच्या. आता बोलावणं कशाला, पेटीच होती. बाया पदराखाली गावठी अंडी घेऊन वस्तीत येऊ लागल्या. पिल्लं निघाली की निम्मी त्यांची, निम्मी सोमनाथची, असा वाटा ठरला.

"हातगुण म्हनं," द्रौपदा सोमनाथला म्हणाली. "आपन असलं मानतो का? भिंतीवर फोटो कुनाचा हाय, बघा जरा."

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि पेटी बरोबर त्याच्याखाली उभी होती.

"आपन न्हाई मानत," सोमनाथ म्हणाला. "गिऱ्हाईक मानतं."

हौशीराम बागायतदाराची सून वृषाली स्कूटीवरून यायची. बी.ए. झालेली, बोलायला गोड. द्रौपदा हात पुढे करायची तरी ती अंड्यांचा डबा पायरीवर ठेवायची. चहाचं विचारलं की "आत्ताच घेऊन निघाले" म्हणायची. द्रौपदा वाकून डबा उचलायची. तिच्या हाताला गुण होता, पण तो अंड्यांपुरता.

गावातल्या अंड्यांची पहिली खेप निघाली तेव्हा द्रौपदाने मनात म्हटलं होतं, चला, सुटले. पण ती खेप निघायच्या आधीच दुसरी आत गेली होती आणि दुसरी अर्ध्यावर असताना तिसरी. पेटी कधी रिकामी होईना. वरच्या ट्रेमधली फुटायला आली की खालच्या ट्रेमधली नुकती ठेवलेली. अंडी फिरवायला फार वेळ लागत नव्हता, हेच तर वाईट होतं. काम घटकाभराचं, पण ते दिवसाला असं खिळे ठोकल्यासारखं ठोकलेलं की मधे कुठे जाता येईना. लेक तेजस्विनी मढला दिली होती, तिचं बाळ बसायला लागलं होतं, असं फोनवर कळलं. द्रौपदाने फोनवरच त्याचं कौतुक केलं.

त्यात लाईट. त्या वर्षांत भारनियमनाने लोकांना वेड लावलं होतं. एक आठवडा सकाळी जायची, पुढच्या आठवड्यात भर दुपारी. बल्ब विझले की द्रौपदा चुलीवर पाणी तापवायची, कळशीत भरून पेटीत ठेवायची आणि पेटीवर गोधड्या टाकायची. कळशी निवली की पुन्हा तापवायची. पोतं लावलेल्या त्या कोंदट खोलीत धूर, गरम लाकडाचा आणि कवचांचा उग्र वास भरून राहायचा. तिचे गुडघे धरू लागले. वाकून वाकून कधी न दुखलेली कंबर बसून बसून दुखायला लागली. सोमनाथ मात्र मोटारसायकलवर फिरून अंडी गोळा करत होता. लोक त्याला आता हॅचरीवाले म्हणत होते. त्याचा खोकलाही कमी झाला होता, मोकळ्या हवेने.

दिवाळी उलटली, वाफे भिजू लागले आणि एका सकाळी रस्त्यावर पिकपचा हॉर्न वाजला. द्रौपदाने आदल्या दिवशीच सोमनाथला सांगून ठेवलं होतं.

"एक दिवस जाते. तुमी फिरवा अंडी. दुपारी लाईट जाईल, पान्याचं बघा."

"जा की," सोमनाथ म्हणाला. "मी काय मेलोय का?"

ती पिकपमध्ये चढली तेव्हा बायांनी एकच गलका केला. "आली गं, खुडूक उठली!" कुणी तिच्या पाठीत थाप मारली, कुणी जागा करून दिली. लोणीच्या अंगाला एका शेतात त्यांनी दिवसभर लागण केली. गार चिखलात घोट्यापर्यंत पाय, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्याने रोप दाबायचं आणि मागे सरकायचं. पहिल्या वाफ्यात तिचं अंग आखडलं होतं. दुसऱ्या वाफ्यात घाम आला आणि सांधे सुटे झाले. जेवताना साळूबाई म्हणाली, "तू नसलीस की तो मालक आमाला खडूस बोलतोय. आज बग कसा पावन्यावानी वागला." द्रौपदा पोटभर हसली. आपण किती दिवस हसलो नव्हतो, हे तिला तेव्हा कळलं.

दिवस मावळायच्या आत ती घरी आली. बयाबाई चुलीपुढे बसली होती.

"सोम्या मंचरला गेलाय कवाचा. लाईट बी न्हाई दुपारधरनं."

द्रौपदाने तसेच चिखलाचे पाय घेऊन आतली खोली गाठली. पेटीवर गोधडी नव्हती. परात कोरडी ठणठणीत. सगळ्या अंड्यांवर फुली वर होती, सकाळी ती ठेवून गेली तशीच. तिने एक अंडं गालाला लावलं. गार लागलं.

"तुमी तरी फिरवायची, आत्याबाई."

"सोम्या म्हनला, आये तू हात लावू नको," बयाबाई खाली मान घालून म्हणाली. "मग कशी लावू?"

रिकाम्या अंगणात उभं राहून द्रौपदाने नवऱ्याला तोंडभर शिव्या दिल्या. तो आला तेव्हा मात्र तिच्या आधी त्यानेच आवाज चढवला. लाईट मी घालवली का? मंचरला काय मजा मारायला गेलो होतो?

खालच्या दोन ट्रेमधली अंडी कशीबशी तगली. वरचा ट्रे वृषालीचा होता, तो गेला. पिल्लं कवचातच मेली. वृषाली डबा न्यायला आली, रिकामा डबा हातात घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी घरात नव्हता म्हणे."

"चुकलं तिचं," सोमनाथ मधेच म्हणाला. "परत न्हाई व्हनार."

द्रौपदाने त्याच्याकडे पाहिलं. तो वृषालीकडे बघून हसत होता. परात कोरडी होती हे सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्याची लाज चारचौघांत काढायची सवय तिला नव्हती.

दोनच दिवसांत ते गावभर झालं. द्रौपदाने पाऊल बाहेर टाकलं आणि अंडी गेली. बघा, म्हणजे हातच खरा. तिच्या एका दिवसाच्या सुट्टीने उलट तिच्या हातगुणाला पुरावाच मिळाला.

तरी ती हटली नाही. पुढच्या आठवड्यात लाईट जायची पाळी सकाळची होती. तिने पहाटे उठून पाणी तापवलं, अंडी फिरवली, भाकरी फडक्यात बांधली आणि हॉर्न वाजताच रस्त्यावर गेली. पिकपच्या फळीला तिने हात घातला.

"द्रौपदे," साळूबाई वरून म्हणाली. "तू नको येऊस."

"का गं?"

साळूबाई इकडेतिकडे बघू लागली. दुसऱ्या बाया आपापली फडकी नीट करू लागल्या.

"माजी अंडी हायेत तुझ्याकडं. ह्या समद्यांची हायेत. पोरगी बाळंतपनाला यायचीय माजी, तिला कोंबडं नको का घालायला? लागनीचं काय, आमी उरकू."

"टोळी माजी हाय, साळू."

"तुझीच हाय की. कोन न्हाई म्हनतंय? पर तू घरी बस."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. द्रौपदाने फळीवरचा हात काढला. पिकप गेली आणि ती फडकं घेऊन रस्त्यावर उभी राहिली. वस्तीतल्या दोघीतिघी दारातून बघत होत्या. सोमनाथ बोलला असता, सासू बोलली असती तर तिने भांडून घेतलं असतं. पण साळूबाईशी काय भांडायचं? घरात येऊन तिने ती भाकरी एकटीने खाल्ली.

त्या दिवशी द्रौपदाच्या मनात ते आलं. हाताचं नाव गेलं की पाय मोकळे होतील. एक अख्खी खेप वाया जाऊ दे. मग ना बाया येतील, ना डबे, ना सोमनाथची हॅचरी. शिव्या बसतील, बसू देत. शिव्या बांधावर बसून ऐकता येतात.

पेटी नुकतीच नव्याने भरली होती. साळूबाईची अंडी होती, टोळीतल्या इतरांची होती, वृषालीनेही पुन्हा पाठवली होती. द्रौपदाने पाणी घातलं, बल्ब पाहिले, लाईट गेली की कळशी ठेवली. जिवावर उठणं काही तिच्याने झालं नाही. तिने फक्त हात आखडता घेतला. फुली वर होती, ती तशीच राहू दिली. फिरवायची वेळ झाली की ती खोलीत जायची, दार लावायची आणि पेटीकडे पाठ करून बसायची. तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. पाठीमागे बल्बचा उबारा लागत राहायचा आणि ती आपल्याच नखांकडे बघत राहायची.

तीन-चार दिवस असे गेले. मग एका दुपारी ती हापशावरून पाणी घेऊन आली, पेटीजवळ गेली आणि दचकली. सगळ्या अंड्यांवर गोल वर होता.

सोमनाथ तर सकाळीच घोडेगावला गेला होता. दुसऱ्या दिवशी तिने पाण्याला जायचं सोंग केलं आणि हंडा घेऊन मागच्या दाराने आत आली. बयाबाई पेटीपुढे उभी होती. काचेचं दार जरासं उघडून तिने हात आत घातला होता आणि एकेक अंडं तळव्याखाली हलकेच फिरवत होती. सुरकुतलेला, कोरडा हात. ओठ हलत होते. तोंडाने ती अंड्यांशी काहीतरी बोलत होती.

"आत्याबाई."

म्हातारीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. दार मात्र तिने आधी नीट लावलं.

"तू लावत नव्हतीस हात," ती म्हणाली. "मी बघत व्हते. म्हनलं, तुझं काय दुखत-खुपत आसल. पर आत जीव हायेत गं, द्रौपदे. त्यांनी काय केलंय?"

द्रौपदाने हंडा उतरवला आणि तिथेच टेकली. आधी तिला राग आला, मग लाज वाटली आणि मग एकदम वीज आल्यासारखा उजेड पडला. पिल्लं निघाली तर ती या हाताने निघणार होती. म्हणजे गुण बयाबाईच्या हाताला. मग बसू दे तिला पेटीपाशी, ती तर इथून हलायलाच तयार नसते. आणि आपण मोकळ्या.

"आत्याबाई, तुमीच करा की हे! मी सांगते समद्यांना. तुमचा हात, तुमचा मान. मी माजी टोळी घेऊन जाते."

"गप!" बयाबाई एवढ्या जोरात म्हणाली की तिला स्वतःलाच खोकला आला. "कुनाला बोलू नकोस. सोम्याला बी नको."

"का?"

"मी रांडमुंड. माजा हात लागला म्हनून कळलं तर हितनं अंडी उचलून न्येतील."

"कोन मानतंय आता तसलं?"

म्हातारी तिच्याजवळ बसली. सोमनाथ रांगत असताना तिचा नवरा गेला होता. त्या वर्षी ती हौशीरामच्या बापाच्या शेतावर पेरणीला गेली होती. पाभर चालू होती, बियाची पाटी बांधावर होती, पेरणाऱ्याने हात केला म्हणून हिने पाटी उचलून दिली. एवढंच. मालकीण धावत आली, पाटीतलं बी तिने तिथेच मातीत ओतलं आणि घरून दुसरं आणायला माणूस पिटाळला.

"आन पाटी राखंनं घासायला मलाच लावली," बयाबाई म्हणाली. "समद्या बाया बघत व्हत्या. आपन बाबांच्या धम्मात आलो, त्यांचं समदं सोडलं, पर त्यांनी कुठं सोडलंय? तवापासनं ह्या गावात माज्या हातानं कुनी काय उगवू दिलं न्हाई बग."

सांगणार नाही, असं वचन मात्र द्रौपदाने दिलं नाही.

त्यानंतरचे दिवस विचित्र चांगले गेले. बयाबाई अंडी फिरवायची आणि द्रौपदा दारात राखण बसायची. कुणी येताना दिसलं की खाकरायची. म्हातारीची कंबर ताठ झाली होती. चुलीपुढे बसून ती एकटीच हसायची, दोन घास जास्त जेवायची. द्रौपदाला ते बघून बरं वाटायचं, आणि त्याच वेळी ती मनात दिवस जुळवत असायची. लागण अजून संपली नव्हती. पूर्वेकडचे वाफे बाकी होते. पिल्लं निघाली की चारचौघींत एकदाच सांगून टाकायचं. तोंडं वाकडी करतील, करू देत. पिल्लं तर हातात असतील, ती काय परत अंड्यात घालणार आहेत? म्हातारीला सुरुवातीला वाईट वाटेल, पण मग तिचाच मान होईल. हे सगळं इतकं सरळ दिसत होतं की द्रौपदाने त्या सकाळी भाकरी फडक्यात बांधून दाराशी ठेवली.

पिल्लं निघाली. पहिल्या खेपेहून जास्तच निघाली. सोमनाथने गावभर निरोप पाठवला आणि कामावर जायच्या आधीच बाया जमल्या. पिकप रस्त्यावर उभी होती. साळूबाई पायरीवर टेकली आणि पदरात पिल्लं घेऊन त्यांच्या डोक्यांवरून बोट फिरवू लागली. वृषालीने भोकं पाडलेला खोका आणला होता आणि दुसऱ्या हातात अंड्यांनी भरलेला नवा डबा. आत बयाबाई चुलीपाशी बसली होती. तिथून दार दिसत होतं आणि ती डोळ्यांत पाणी आणून एकेक पिल्लू जाताना बघत होती.

"हात हाय का काय हाय गं हा!" साळूबाई म्हणाली. "सोन्यानं मढवायचा की!"

"माजा हात नव्हं," द्रौपदा म्हणाली. "मी ह्या खेपेला अंड्यांना हातच लावला न्हाई."

सगळ्या खो खो हसल्या.

"ऐका! आता हात न लावता बी निघत्यात!"

"नुसतं बघितलं आसल हिनं!"

"खरं सांगते," द्रौपदा म्हणाली. तिचा आवाज चढला. "पयल्या दिवसापासनं न्हाई लावला. बोट बी न्हाई."

वृषालीचं हसू हळूहळू मावळलं. तिने खोक्यात बघितलं, मग द्रौपदाकडे.

"मग कुणी लावला?"

साळूबाईचं पिल्लांवरचं बोट थांबलं.

"नाही, म्हणजे मला कळायला हवं ना," वृषाली म्हणाली. "आमच्या सासूबाई फार पाहतात या गोष्टी. भलत्यासलत्याचा हात लागलेली मी घरी नेणार नाही. आधी सांगा, कुणी लावला?"

रस्त्यावर ड्रायव्हरने हॉर्न दिला. दाराशी भाकरीचं फडकं होतं. एक नाव घ्यायचं, फडकं उचलायचं आणि चालू पडायचं. द्रौपदाने मागे वळून पाहिलं. बयाबाई पिल्लांकडे बघत नव्हती. तिने मान खाली घातली होती आणि दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले होते, अगदी कोपरापर्यंत, कुणाला दिसू नयेत म्हणून.

वृषाली खोका घेऊन थांबली होती. नाव घेतलं असतं तर खोका पायरीवर उपडा झाला असता आणि पिल्लं म्हातारीच्या डोळ्यांदेखत मातीत पडली असती.

"माजाच," द्रौपदा म्हणाली. "माजाच हात. चेष्टा केली तुमची."

"अगं बाई, जीव घेतलास की!" साळूबाईने तिच्या पायावर चापट मारली. सगळ्यांच्या जिवात जीव आला. वृषालीसुद्धा हसली, तिने खोका स्कूटीवर बांधला आणि नवा डबा पायरीवर ठेवला. बाकीच्या बायांनीही आपापली अंडी मांडली.

"संक्रांतीनंतर मोठं मशीन आनतोय," सोमनाथ अंगणातून म्हणाला. "हिचा हात असल्यावर भ्यायचं कशाला?"

"आन की," साळूबाई पिकपकडे जाता जाता म्हणाली. "द्रौपदे, येते गं. आज कळंबला हाय लागन." फळीला हात घालून ती वर चढली. द्रौपदाच्या बसायच्या जागेवर आता ती बसत होती.

गाडी निघाली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला आणि मग नाहीसा झाला. द्रौपदाने वाकून पायरीवरचे डबे उचलले, एकावर एक रचले आणि आत आली. बयाबाई भिंतीला धरून उठली होती. तिचे हात अजून पदरातच होते.

"सांगितलं आसतंस तर सुटली आसतीस," ती म्हणाली.

"आन तुमी?"

म्हातारीने पदरातून एक हात बाहेर काढून पुढे केला. द्रौपदाने आधी दार लावून घेतलं, मग वरचा डबा तिच्या हातात दिला.